टपाल दुसऱ्या डिस्कवर हलवताना: लातूरच्या एका दलाली कार्यालयाचे प्रकरण

लातूरच्या मार्केट यार्डात तूर, हरभरा आणि सोयाबीन यांची दलाली करणारे एक जुने कार्यालय आहे. तिथे दोन दूरध्वनी, चार खुर्च्या आणि सगळ्या सौद्यांचा भार वाहणारा एकच संगणक आहे. परराज्यांतील खरेदीदारांना पाठवलेली सौदापत्रे, काटापावत्यांची छायाचित्रे, मालाच्या नमुन्यांचे तपासणी अहवाल आणि हिशेबपट्ट्या असे सर्व काही २०१४ पासून थंडरबर्ड या ई-मेलच्या प्रोग्राममध्ये साठत आलेले होते. बँकेचे, जीएसटीचे आणि ई-वे बिलाचे काम फायरफॉक्स या ब्राउझरमधून चालत असे व त्याचे सगळे पासवर्डही त्याच ब्राउझरच्या स्मरणात होते. कार्यालयाचे मालक, ज्यांना यार्डात लहानथोर सगळे ‘अप्पा’ म्हणतात, त्यांचा मला निरोप आला तो असा: “संगणक रोज म्हणतोय जागा नाही, आणि आज तर मेलच घेईना.”

संगणकात १२० जीबीची एसएसडी, म्हणजे फिरती तबकडी नसलेली वेगवान डिस्क, होती आणि तीच त्याचा सी ड्राइव्ह होती. विंडोज ती १११ जीबी दाखवते, कारण उत्पादक दशमान पद्धतीने मोजतो आणि विंडोज द्विमान पद्धतीने. त्यांपैकी केवळ २.३ जीबी जागा मोकळी होती. अप्पांच्या पुतण्याने १ टीबीची नवी हार्ड डिस्क आणून आधीच बसवून घेतली होती, परंतु तिच्यावर काय हलवायचे याविषयी कोणाचीच खात्री नसल्यामुळे ती महिनाभर रिकामीच फिरत होती. माझ्याकडे आलेली मागणी स्पष्ट होती: ब्राउझर आणि ई-मेल या दोन्हींचे प्रोफाइल नव्या डिस्कवर न्यावे आणि एकही पत्र किंवा पासवर्ड गमावू नये.

या मागणीचा अर्धा भाग चुकीचा होता असे माझे आजचे मत आहे. ते मला त्या वेळी ठामपणे सांगता आले नाही, याची नोंद पुढे येईल.

जागा कोठे गेली होती

प्रोफाइल म्हणजे प्रोग्राम नव्हे. प्रोग्राम पुन्हा उतरवून घेता येतो. प्रोफाइल म्हणजे वापरणाऱ्याचा सगळा ऐवज, आणि तो विंडोजच्या वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये ‘अ‍ॅपडेटा’ नावाच्या लपवलेल्या फोल्डरात, ‘रोमिंग’ या उपफोल्डरखाली असतो. त्यामुळे अनेकांना तो आयुष्यात कधी दिसतच नाही, आणि संगणक फॉरमॅट करण्यापूर्वी डेस्कटॉप व डॉक्युमेंट्स यांची प्रत घेऊन ते निर्धास्त होतात.

मी मोजणी केली तेव्हा फायरफॉक्सचे प्रोफाइल ६४० एमबी, म्हणजे एक जीबीपेक्षाही कमी भरले. थंडरबर्डचे मात्र ४६ जीबी होते. त्यात कार्यालयाच्या मुख्य खात्याचे इनबॉक्स एकट्याने १९ जीबी आणि पाठवलेली पत्रे ९ जीबी होती. हे खाते पॉप पद्धतीचे होते, म्हणजे पत्रे सर्व्हरवरून उतरवून घेतली जात आणि ठरावीक मुदतीनंतर सर्व्हरवरून काढून टाकली जात. जुन्या पत्रांची जगातली एकमेव प्रत याच संगणकावर होती. अप्पांचे वैयक्तिक जीमेल खाते आयमॅप पद्धतीचे होते. त्यातील पत्रे सर्व्हरवर राहतात आणि प्रोफाइल हरवले तरी पुन्हा उतरतात, म्हणून त्याची चिंता कमी होती.

मोजणीत एक विचित्र गोष्ट आढळली. मुख्य खात्याच्या फोल्डरमध्ये ‘एनएसटीएमपी’ नावाच्या पाच फाइली होत्या आणि त्यांनी मिळून ६.५ जीबी जागा अडवली होती. यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. थंडरबर्ड एका फोल्डरमधील सगळी पत्रे एकाच लांबलचक फाइलीत एकाखाली एक लिहून ठेवतो. आपण पत्र डिलीट करतो तेव्हा ते त्या फाइलीतून निघून जात नाही, त्यावर केवळ रद्द झाल्याची खूण होते. फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ करतो तेव्हा थंडरबर्ड रद्द न झालेली पत्रे एका तात्पुरत्या फाइलीत नव्याने लिहितो आणि मग ती मूळ फाइलीच्या जागी ठेवतो. म्हणजे १९ जीबीचे इनबॉक्स आवरायचे तर तेवढ्या वेळेपुरती आणखी तितकीच जागा हाताशी हवी. इथे जागाच नव्हती. ‘जागा वाचवायची का?’ असे प्रोग्रामने विचारले की मुनीमजी होकार देत, काम अर्ध्यावर बंद पडे, आणि अर्धवट राहिलेली तात्पुरती फाइल तिथेच पडून राही. जागा वाचवण्याच्या प्रत्येक प्रयत्नाने जागा कमी होत गेली होती.

त्यामुळे क्रम ठरून गेला: आधी हलवायचे, मग आवरायचे.

कोणता मार्ग निवडला

प्रोफाइल दुसऱ्या डिस्कवर नेण्याचे तीन मार्ग आहेत. पहिल्यात प्रोग्राम ‘-पी’ ही खूण जोडून सुरू करायचा, त्यामुळे प्रोफाइल व्यवस्थापक उघडतो. तिथे ‘नवे प्रोफाइल’ म्हणून नव्या डिस्कवर आणलेले फोल्डर दाखवून द्यायचे. ज्याला फाइलींत हात घालण्याची भीती वाटते त्याने हाच मार्ग घ्यावा, मात्र एक सावधगिरी बाळगावी: पुढे कधी त्या व्यवस्थापकातून प्रोफाइल काढताना ‘फाइलीही काढा’ असे सांगितले तर ते संपूर्ण फोल्डरच पुसले जाते. त्या फोल्डरात कोणी इतर कागदपत्रे ठेवली असतील तर तीही जातात. म्हणून प्रोफाइलसाठी नेहमी स्वतंत्र, रिकामे फोल्डर असावे. फोल्डरऐवजी थेट संपूर्ण डिस्क कधीही दाखवू नये.

दुसरा मार्ग म्हणजे जुन्या जागी एक दुवा ठेवायचा, ज्याला विंडोज जंक्शन म्हणते. प्रोग्रामला वाटते की फोल्डर सी ड्राइव्हवरच आहे, प्रत्यक्षात तो दुसरीकडे असतो. हा मार्ग चालतो, पण मी तो टाळतो. दोन वर्षांनी दुसरा कोणी दुरुस्तीला आला तर त्याला हा दुवा सहज दिसत नाही, आणि तो जुने फोल्डर समजून भलतेच पुसून बसतो.

तिसरा मार्ग प्रोग्रामच्या स्वतःच्या नोंदवहीत पत्ता बदलण्याचा. मी तो निवडला, कारण त्यातली नोंद उघड्या मजकुराच्या फाइलीत राहते आणि कोणालाही वाचता येते. त्या फाइलीचे नाव ‘प्रोफाइल्स डॉट आयएनआय’. तिच्यात प्रत्येक प्रोफाइलपुढे दोन ओळी महत्त्वाच्या असतात. ‘इज-रिलेटिव्ह’पुढे १ असेल तर पत्ता त्या फाइलीच्या जागेपासून मोजलेला असतो. तिथे ० केले की ‘पाथ’पुढे डिस्कच्या अक्षरासह संपूर्ण पत्ता लिहावा लागतो.

डिस्कच्या अक्षराचाही विचार केला. नव्या डिस्कला विंडोजने ई हे अक्षर दिले होते, कारण डी हे अक्षर जुन्या डीव्हीडी ड्राइव्हने अडवले होते. नोंदवहीत अक्षर कायमचे लिहायचे असेल तर ते कायमचेच असले पाहिजे. म्हणून डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्कला टी हे अक्षर दिले. टी म्हणजे टपाल, असे मुनीमजींनी लगेच लक्षात ठेवले.

आदली संध्याकाळ

कामासाठी येळवशीच्या आदली संध्याकाळ निवडली. मार्गशीर्षातल्या या अमावस्येला लातूर आणि धाराशिव परिसरात गावेच्या गावे शेतात जातात, कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, भज्जी, उंडे आणि आंबील यांची जेवणे होतात, आणि शहरात दुकानाचे कुलूप उघडायलाही कोणी सापडत नाही. त्या दिवशी एकही सौदापत्र येणार नव्हते, त्यामुळे काम लांबले तरी एक पूर्ण दिवस हाताशी होता.

पहिले काम प्रत घेण्याचे. पुतण्याने अभिमानाने सांगितले की, त्याने चार महिन्यांपूर्वीच संपूर्ण प्रोफाइलची प्रत ५०० जीबीच्या पोर्टेबल डिस्कवर घेतली आहे. ती उघडून पाहिली तर सगळी फोल्डरे जागच्या जागी होती, पण इनबॉक्सची मोठी फाइलच नव्हती. पाठवलेल्या पत्रांचीही नव्हती. ही डिस्क घरच्या टीव्हीवर चालावी म्हणून कधीतरी फॅट-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली होती, आणि या पद्धतीत कोणतीही एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी असू शकत नाही. कॉपी करताना विंडोजने तसे सांगितले होते. पुतण्याने ‘ही वगळा’ असे बटण दाबले आणि उरलेले काम सुरळीत पार पडले. चार महिने हे कार्यालय ज्या प्रतीच्या भरवशावर होते तिच्यात अप्पांच्या धंद्याचा गाभाच नव्हता. तो मुलगा गोरामोरा झाला. मी त्याला दोष दिला नाही. विंडोजने त्याला फाइल मोठी आहे एवढेच सांगितले होते, ती फाइल म्हणजे दहा वर्षांची पत्रे आहेत हे कोण सांगणार?

ती डिस्क एनटीएफएस पद्धतीने, जिच्यात ही मर्यादा नसते, नव्याने फॉरमॅट केली. मग प्रोग्राम बंद केले. बंद म्हणजे खिडकी मिटलेली एवढेच नव्हे, तर टास्क मॅनेजरमध्येही त्यांचे नाव नसलेले. चालू प्रोफाइलची प्रत घेतली तर त्यातील डेटाबेसच्या फाइली अर्धवट लिहिलेल्या अवस्थेत उचलल्या जाऊ शकतात.

त्याआधी एक कागदी काम करून घेतले होते. थंडरबर्ड उघडा असताना प्रत्येक खात्याच्या प्रत्येक मोठ्या फोल्डरमध्ये किती पत्रे आहेत ते मुनीमजींनी आपल्या लाल वहीत लिहून घेतले. मुख्य इनबॉक्स ६१ हजारांच्या वर, मुनीमजींच्या स्वतःच्या खात्याचे इनबॉक्स २२ हजारांच्या वर, असे आकडे शेवटच्या अंकापर्यंत टिपले. याच वहीने पुढे एक मोठी चूक उघडकीस आणली.

शेवटची खबरदारी म्हणून इंटरनेटची वायर काढून टाकली. पॉप खात्याच्या बाबतीत हे अत्यावश्यक आहे. समजा पत्ता बदलताना चूक झाली आणि थंडरबर्ड एखाद्या रिकाम्या प्रोफाइलवर उघडला, तर तो ताबडतोब नवी पत्रे तिथे उतरवू लागेल. मग काही पत्रे जुन्या जागी, काही नव्या जागी अशी फाटाफूट होईल आणि ती जुळवणे हे हलवण्यापेक्षा कष्टाचे काम ठरेल.

हलवणे आणि पहिली चूक

पोर्टेबल डिस्कवर प्रत घ्यायला अर्धा तास लागला, कारण ती जुन्या यूएसबी जोडणीवर होती. टी ड्राइव्हवर जायला दहा-बारा मिनिटे पुरली. मी ‘कट’ आणि ‘पेस्ट’ वापरत नाही. दोन वेगळ्या डिस्कांमध्ये कट-पेस्ट म्हणजे प्रत काढणे आणि मूळ पुसणे हेच असते, आणि मध्येच वीज गेली तर काही ऐवज इकडे व काही तिकडे अशी अवस्था होते. आमच्या भागात वीज मध्येच जाणे ही काही कल्पनेतली गोष्ट नाही. त्या संध्याकाळीही ती एकदा गेली आणि यूपीएसवर काम निभावले. प्रत घेण्यासाठी विंडोजचीच रोबोकॉपी ही आज्ञा वापरली, जी अडखळलेली फाइल पुन्हा घेण्याचा प्रयत्न करते आणि शेवटी काय झाले, काय राहिले याचा हिशेब देते. इनबॉक्सच्या दोन्ही प्रतींची बोटांच्या ठशासारखी ओळख ‘सर्टयूटिल’ या आज्ञेने काढून ती मूळ फाइलीशी जुळते हेही पाहिले.

मग सी ड्राइव्हवरील जुन्या फोल्डरचे नाव बदलले, जेणेकरून थंडरबर्डने चुकूनही ते उघडू नये. प्रोफाइल्स डॉट आयएनआयमध्ये ० लिहिला, नवा पत्ता लिहिला आणि प्रोग्राम सुरू केला.

पडद्यावर नवे खाते उघडण्याचे स्वागतपत्र आले. अप्पा पाठीमागेच उभे होते. “गेलं का सगळं?” एवढेच ते म्हणाले.

काहीही गेले नव्हते. चूक माझी होती, आणि घाईची होती. फायरफॉक्सच्या ६७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, संगणकावरील प्रत्येक स्थापनेसाठी कोणते प्रोफाइल उघडायचे याची वेगळी नोंद ठेवली जाते, आणि थंडरबर्डनेही तीच पद्धत घेतली आहे. ही नोंद त्याच फाइलीत ‘इन्स्टॉल’ या शब्दाने सुरू होणाऱ्या एका स्वतंत्र भागात असते, शिवाय तिची एक जोडप्रत शेजारच्या ‘इन्स्टॉल्स डॉट आयएनआय’ या फाइलीत असते. मी वरचा पत्ता बदलला होता, पण ‘डीफॉल्ट’पुढचा खालचा पत्ता जुनाच राहिला होता. त्या पत्त्याचे प्रोफाइल यादीत न सापडल्यामुळे थंडरबर्डने निमूटपणे एक नवे, रिकामे प्रोफाइल तयार केले आणि स्वतःच्या नोंदीतही तेच लिहून टाकले.

अशा वेळी समोर आलेला अर्ज भरू नये. बहुतेक लोक घाबरून खाते पुन्हा जोडतात, सर्व्हरवर असतील तेवढी अलीकडची पत्रे उतरतात आणि जुनी पत्रे नाहीशी झाली असा समज होतो. प्रत्यक्षात ती दुसऱ्या फोल्डरमध्ये जशीच्या तशी असतात. मी अर्ज न भरता प्रोग्राम बंद केला, त्याने नव्याने जोडलेला भाग काढला, दोन्ही फाइलींत खालचा पत्ताही बदलला आणि पुन्हा सुरू केले. या वेळी डावीकडे सगळी खाती उभी राहिली. मुख्य इनबॉक्सचा आकडा लाल वहीशी अंकाला अंक जुळला.

मुनीमजींची पत्रे

मी सामान आवरायला घेतले होते. मुनीमजी मात्र वही घेऊन एकेक फोल्डर तपासत होते. ते म्हणाले, “सर, माझ्या खात्यात एकबी पत्र नाही की हो.”

खाते होते, नाव होते, पण २२ हजारांच्या जागी शून्य. मूळ प्रोफाइलच्या प्रतीत पाहिले तर तिथेही त्यांच्या खात्याच्या फोल्डरचा पत्ता नव्हता. म्हणजे ती पत्रे त्या ४६ जीबींत कधी मोजलीच गेली नव्हती.

उलगडा ‘प्रेफ्स डॉट जेएस’ या फाइलीत झाला, जिच्यात थंडरबर्ड आपल्या सर्व सेटिंग्ज लिहून ठेवतो. प्रत्येक खात्याची पत्रे कोठे आहेत हे तिथे दोन प्रकारे लिहिलेले असते: एकदा संपूर्ण पत्त्याने आणि एकदा प्रोफाइलच्या जागेपासून मोजलेल्या पत्त्याने. प्रोग्राम आधी दुसऱ्या प्रकारचा पत्ता वाचतो. म्हणूनच प्रोफाइल हलवले तरी एरवी काही बिघडत नाही: पत्रे प्रोफाइलच्या आतच असतात आणि मोजणीही आतल्या आत होते. मुनीमजींच्या खात्यापुढे मात्र असे लिहिलेले होते की प्रोफाइलपासून पाच पायऱ्या वर जा आणि मग डॉक्युमेंट्समध्ये उतर. काही वर्षांपूर्वी कोणा तंत्रज्ञाने त्यांची पत्रे सहज सापडावीत या सद्हेतूने डॉक्युमेंट्समध्ये नेऊन ठेवली होती. जुन्या जागेपासून पाच पायऱ्या वर गेले की वापरकर्त्याचे घर येत असे. टी ड्राइव्हवर तर दोन पायऱ्यांतच डिस्कचे छत लागले. तिथून पुढे कुठे जाणार?

पत्रे डॉक्युमेंट्समध्ये सुखरूप होती, ८ जीबी. थंडरबर्ड बंद करून ते फोल्डर नव्या प्रोफाइलमधील ‘मेल’ या फोल्डरात इतर खात्यांच्या शेजारी आणले आणि प्रेफ्स डॉट जेएसमधील दोन्ही ओळी तिकडे वळवल्या. ही फाइल बदलताना प्रोग्राम बंद असणे अनिवार्य आहे, कारण तो बंद होताना ती स्वतः पुन्हा लिहितो आणि आपला बदल पुसून टाकतो. ज्यांना फाइल उघडणे नको वाटते त्यांना हाच बदल खात्याच्या सेटिंग्जमध्ये, सर्व्हरच्या पानावर तळाशी असलेल्या स्थानिक फोल्डरच्या चौकटीतून करता येतो.

इंटरनेटची वायर काढलेली होती याचे महत्त्व इथे कळले. पॉप खात्यात कोणती पत्रे आधीच उतरवली आहेत याची यादी ‘पॉपस्टेट’ नावाच्या छोट्या फाइलीत त्या खात्याच्या फोल्डरमध्येच असते. फोल्डर सापडत नसताना संगणक इंटरनेटला जोडलेला असता, तर यादी नसल्यामुळे सर्व्हरवर उरलेली सगळी पत्रे नवी समजून पुन्हा उतरली असती आणि नंतर मूळ फोल्डर जोडल्यावर ती दुहेरी झाली असती.

आता आकडा जुळला. मुनीमजींनी वहीत त्यापुढे बरोबरची खूण केली आणि तारीखही लिहिली.

कॉम्पॅक्ट करण्याचे काम रात्रीवर सोडले. आधी त्या पाच अर्धवट तात्पुरत्या फाइली काढल्या, मग मुख्य इनबॉक्सपासून एकेक फोल्डर आवरायला लावले. थंडरबर्डचा शोध घेण्याचा स्वतंत्र डेटाबेस, जो १.८ जीबीचा झाला होता, तोही काढला, कारण तो प्रोग्राम स्वतः नव्याने तयार करतो. इतक्या पत्रांची अनुक्रमणिका बांधायला वेळ लागतो, म्हणून संगणक चालू ठेवून आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी दुपारी अप्पांच्या शेतावर आंबील पिताना पुतण्याने फोनवर पडद्याचा फोटो मागवून घेतला. तो कोणाकडून, तर राखणदाराकडून. काम पुरे झालेले दिसत होते. १९ जीबीचे इनबॉक्स ११ वर आले होते आणि तात्पुरत्या फाइली, जुना डेटाबेस व रद्द पत्रे गेल्यामुळे, मुनीमजींची ८ जीबी सोडून, ४६ जीबीचा भार ३० च्या आसपास राहिला होता.

ब्राउझर नेला आणि परत आणला

फायरफॉक्सचे प्रोफाइल हलवणे दहा मिनिटांचे काम होते, कारण आता दोन्ही नोंदी एकदमच बदलल्या. पासवर्ड दोन फाइलींत असतात: एकीत बंद पेट्या, दुसरीत किल्ली. एक आली आणि दुसरी राहिली तर पासवर्ड उघडत नाहीत, म्हणून निवडक फाइली न उचलता पूर्ण फोल्डर आणले. बुकमार्क आणि इतिहास ‘प्लेसेस’ या डेटाबेसमध्ये असतात, तेही आले. सगळे नीट उघडले.

चार दिवसांनी अप्पांचा फोन आला की बँकेचे पान उघडायला पूर्वीपेक्षा वेळ लागतो आणि ब्राउझर सुरू होताना चहा निम्मा होतो. तपासले तेव्हा दोन कारणे एकत्र आलेली दिसली. ब्राउझर चालू असताना लहान लहान डेटाबेसांत सतत लिहीत-वाचत असतो, आणि फिरणाऱ्या तबकडीच्या डिस्कला हे काम एसएसडीइतके जमत नाही. दुसरे कारण कमी लोकांना माहीत असते. फायरफॉक्स वेब पानांच्या तात्पुरत्या प्रती, म्हणजे कॅश, एरवी प्रोफाइलपासून दूर, अ‍ॅपडेटाच्या ‘लोकल’ या भागात ठेवतो. पण नोंदवहीत ० लिहून संपूर्ण पत्ता दिला की कॅशही प्रोफाइलच्याच फोल्डरमध्ये जातो. अशा रीतीने ६४० एमबीसाठी आम्ही ब्राउझरची सगळी धावपळ मंद डिस्कवर नेऊन ठेवली होती.

कॅशची जागा ‘अबाउट कॉन्फिग’मधून वेगळी देता येते, आणि ज्याला प्रोफाइल तिकडेच ठेवणे भाग आहे त्याने तसे करावे. इथे तसे काही भाग नव्हते. ज्या प्रोफाइलने जागेचा प्रश्न निर्माणच केला नव्हता ते हलवण्याला मी पहिल्याच दिवशी नकार द्यायला हवा होता. फायरफॉक्स सी ड्राइव्हवर परत आणला, नोंदीत पुन्हा १ लिहिला, आणि टी ड्राइव्हवर त्याची फक्त प्रत ठेवली. पुतण्याचा क्रोम मी हलवलाच नाही. त्याच्या पासवर्डांची किल्ली विंडोजच्या वापरकर्त्याशी बांधलेली असते, त्यामुळे त्याचे फोल्डर दुसऱ्या संगणकावर नेले तर पासवर्ड उघडत नाहीत, आणि त्याचा ऐवज खात्याशी जुळवलेला असल्यामुळे इथे तशी गरजही नव्हती.

फायरफॉक्सच्या बाबतीत याच्या उलट धोका आहे. त्याची पेटी आणि किल्ली एकाच फोल्डरात असल्याने, मुख्य पासवर्ड लावलेला नसेल तर ज्याच्या हाती ती प्रत पडेल त्याला बँकेचे पासवर्ड वाचता येतात. ‘प्रायमरी पासवर्ड’ त्याच दिवशी लावून घेतला. पोर्टेबल डिस्क आता गल्ल्याशेजारच्या कपाटात कुलपात असते.

नंतरच्या नोंदी

नव्या डिस्कवर टपाल गेल्यावर एक तक्रार आली: दुपारच्या जेवणानंतर पहिले पत्र उघडताना काही सेकंद संगणक गप्प बसतो. विंडोजच्या नेहमीच्या वीजयोजनेत वापरात नसलेली हार्ड डिस्क २० मिनिटांनी थांबवली जाते आणि पुन्हा फिरायला तिला वेळ लागतो. ती मुदत काढून टाकली.

टी ड्राइव्ह कधी सुटला, तर काय दिसेल हे अप्पांना आधीच दाखवून ठेवावे म्हणून डिस्क मॅनेजमेंटमधून तो क्षणभर ऑफलाइन केला आणि थंडरबर्ड उघडला. ‘प्रोफाइल लोड करता येत नाही, ते हरवले असेल किंवा उपलब्ध नसेल’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश आला. तो एका कागदावर लिहून, खाली मराठीत ‘नवे प्रोफाइल करू नये, आधी डिस्कची वायर पाहावी’ असे लिहून पडद्याच्या कडेला चिकटवला.

प्रत घेण्याची पद्धतही ठरवली. दर शनिवारी संध्याकाळी थंडरबर्ड बंद करून टी ड्राइव्हवरील फोल्डरची प्रत पोर्टेबल डिस्कवर जाते, एका आठवड्याला एका फोल्डरात, पुढच्या आठवड्याला दुसऱ्या. रोबोकॉपीला आरसा धरण्याचा, म्हणजे मुळात जे नाही ते प्रतीतूनही पुसण्याचा पर्याय असतो. तो मुद्दाम वापरलेला नाही. मूळ फोल्डर कधी रिकामे झाले तर आरशातही रिकामेच दिसेल.

सी ड्राइव्हवरील नाव बदललेले जुने फोल्डर येळवशीनंतर दोन दिवस कामकाज पाहून, आणि मुनीमजींनी २०१६ च्या एका तुरीच्या सौद्याचे पत्र नव्या जागेतून शोधून दाखवल्यावर काढले. ते इतके मोठे होते की विंडोजने ते रिसायकल बिनमध्ये न टाकता कायमचेच पुसू का असे विचारले. अप्पांनी स्वतः होकाराचे बटण दाबले. डॉक्युमेंट्समधील ८ जीबीही मग निघाले, आणि सी ड्राइव्हवर ५६ जीबी मोकळे झाले. इनबॉक्स अजून ११ जीबीचे एकच फोल्डर आहे. वर्षानुसार त्याची विभागणी करावी असे मी सुचवले आहे, मुनीमजी राजी आहेत, अप्पांना मात्र सगळी पत्रे एकाखाली एक पाहण्याची सवय आहे आणि त्यावर अद्याप त्यांचा होकार आलेला नाही.